गुडघा बदलला, पुढे काय?

माझा उजवा गुडघा नवी मुंबईत बदलला. पेणच्या घरी झोपायची खोली माडीवर, म्हणून दवाखान्यातून थेट रोह्याला लेकीकडे गेले. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. तेव्हापासून आमच्या आळीत खर्चाची चौकशी जरा कमी झालीय, आता सगळ्या विचारतात, "नंतर किती दुखतं हो?" त्यांना सांगते ते हे.

१. लगेच उभं करतात. त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर हातात येतो. नातेवाईक चिडतात, "बाईला जरा पडू तरी द्या!" पण पडून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून पडल्या पडल्याही घोटे वर-खाली करत राहायचं. रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं असेल तर सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं.

२. गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सारून बसा. दुखण्याची गोळी निघण्याआधीच घ्या. मी वडखळला आणि नागोठण्याला उतरून चार पावलं चालले. हायवेबद्दल काही बोलत नाही, आपण सगळे त्याच रस्त्याचे. दिवा-रोहा मेमूच्या पायऱ्या मात्र एवढ्यात नकोत.

३. खरी परीक्षा रात्रीची. दिवसा बरं वाटतं, दिवे मालवले की गुडघा ठणकायला लागतो. अशा वेळी गुडघ्याखाली उशी घ्यावीशी वाटते, बरंही वाटतं, आणि तेच करायचं नाही. पाय वाकलेलाच राहतो, मग पुढे लंगडत चालायची पाळी येते. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली घ्यायचा आणि गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची. व्यायाम घ्यायला येणारा मुलगा रोज तिथे हात घालून बघायचा. "काकू, माझा हात अजून आत जातोय." किती वाकतो हे सगळे विचारतात. सरळ किती होतो, हे फक्त तोच विचारायचा.

४. टाके निघतात, भेटायला येणाऱ्यांची शहाळी थांबतात, आणि नेमकं तेव्हाच रडू येतं. जेवण जात नाही, दुखण्याच्या जड गोळ्यांनी पोट साफ होत नाही. काल छान चाललेला पाय आज पुन्हा सुजतो. हे सगळ्यांचं होतं. सूज आणि गुडघ्याची ऊब काही महिने राहते. बर्फाने शेकायचं, पाय उंच ठेवायचा. पण ताप आला, जखमेतून पाणी आलं, लाली पसरत गेली, पोटरी दुखून सुजली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एकदम धाप लागली, छातीत दुखलं तर १०८ ला फोन. आणि पोटरीला तेल लावून चोळणाऱ्या बाईंना चहा पाजून परत पाठवा. आमच्याकडे पाय दुखला की आधी तेलाची वाटी येते. गुठळी असली तर चोळण्याने सुटायची.

५. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होते. ती थोडीफार तशीच राहते. चालताना कधी टक् असा आवाज येतो. धातू आणि प्लॅस्टिक आहे आत.

६. डॉक्टरांना अंशांची भाषा कळते, आपल्याला सण कळतो. रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी पोलिसांची सलामी घेऊन निघते. ती दारात येईल तेव्हा वॉकर सोडून काठीवर उभं राहायचं, असं मी धरून चालले होते. काठीवर राहिले, पण लेकीने मागे खुर्ची ठेवलीच होती. पायऱ्यांचा नियमही तेव्हाच अंगवळणी पडला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

७. पाटावर बसणं माझ्या डॉक्टरांनी बंद केलं. पोह्याचे पापड आता टेबलावर लाटते. धाकटी जाऊ म्हणते, "ताई, हल्ली जाड येतात हो." यंदा ओट्याशी उभ्याने लाटून बघणार आहे.