पाटावरचा कौल

आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. तिथे योरुबा लोक राहतात. लग्न ठरेना, आजार हटेना, की त्यांच्यातले पुष्कळजण कौल घ्यायला बाबालावोकडे जातात. बाबालावो म्हणजे गुपितांचा बाप! या विद्येला 'इफा' म्हणतात.

बाबालावोपुढे लाकडी पाट असतो. त्यावर लाकडाचा बारीक भुगा पसरलेला. आपली जुनी धूळपाटीच म्हणा ना! पाटाच्या काठावर नक्षी असते आणि तीत मोठ्या डोळ्यांचा एक चेहरा. तो एशूचा. एशू हा देवांचा निरोप्या. वाट अडवतो तोच, आणि मोकळी करतो तोही तोच. म्हणून त्याचा चेहरा बाबालावोच्या समोर येईल असा पाट मांडतात.

आधी बाबालावो कोरीव दांडी पाटावर टकटक वाजवतो. ही देवाला हाक. दांडीवर पुष्कळदा गुडघे टेकलेली बाई कोरलेली असते. देवापुढे मागणे मागायची ती रीत.

मग तो तेलमाडाच्या १६ बिया एका हातात धरतो आणि दुसऱ्या हाताने झटकन उचलतो. मागे १ उरली तर भुग्यात २ रेघा, २ उरल्या तर १ रेघ. अशा ८ खुणा जमल्या की एक आकृती होते. अशा आकृत्या २५६. प्रत्येकीची पुष्कळ कवने, आणि ती सगळी तोंडपाठ! हे पाठांतर वर्षानुवर्षे चालते. मला तरी याचेच नवल वाटते.

बाबालावो कवने म्हणत जातो. आपल्या अडचणीला लागू पडणारे कवन आलेल्या माणसाने ओळखायचे. कारण प्रश्न त्याने बाबालावोला बहुधा सांगितलेलाच नसतो. तो नाण्याजवळ हळूच पुटपुटलेला असतो.