गच्चीवरील सौर बंब : दिशा, कल आणि सावली

स्नानाचे पाणी तापविण्यासाठी वीज वापरण्याऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, हा विचार आता नवा राहिलेला नाही. पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांत घराघरांच्या गच्चीवर सौर बंब दिसतात. काही कुटुंबे त्यासाठी कर्जही घेतात. कर्जाचा हप्ता विजेच्या बचतीतून निघावा, अशी त्यामागील अपेक्षा असते. ती पूर्ण होणे यंत्राच्या दर्जाइतकेच त्याच्या जागेवर अवलंबून असते. ही जागा हिवाळ्यातील सूर्य पाहून ठरविली पाहिजे.

बचतीचे गणित

शंभर लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास ४,००० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटापासून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजेच हे काम सुमारे ४.६ युनिट विजेचे झाले. सावलीमुळे पाणी ४० अंशांपर्यंतच तापले, तर बचत निम्म्यावर येते आणि उरलेली उष्णता गीझरकडून घ्यावी लागते. अशा घरावर हप्ता आणि विजेचे बिल असा दुहेरी भार पडतो.

दिशा व कल

भारत उत्तर गोलार्धात असल्याने पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे. गच्चीच्या रचनेमुळे ते पूर्वेस किंवा पश्चिमेस १५ अंशांपर्यंत वळवावे लागले, तरी फारसे नुकसान होत नाही. पॅनेलचा कल मात्र गावाच्या अक्षांशावर ठरतो. गरम पाण्याची खरी निकड थंडीत असते आणि त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून अक्षांशात १० ते १५ अंश मिळवून कल ठेवण्याची पद्धत आहे. त्यानुसार बंगळूरला सुमारे २५, पुण्याला ३० आणि दिल्लीला ४० अंशांचा कल योग्य ठरतो. एकाच मापाचा तयार सांगाडा सर्व शहरांना सारखा लागू पडत नाही. मागणी नोंदविताना त्याचा कोन विचारून घ्यावा.

सावलीची पाहणी

मे महिन्यात केलेली जागेची पाहणी फसवी ठरते. त्या महिन्याच्या मध्यास पुण्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाशीच राहते. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तेथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो. दिल्लीत तर अवघा ३८ अंश. त्या दिवसांत पुण्यात एक मीटर उंच खांबाची सावली दुपारी सुमारे ०.९ मीटर, तर सकाळी साडेनऊच्या सुमारास सुमारे १.८ मीटर लांब पडते. अडीच मीटर उंच जिन्याच्या खोलीची सावली त्या वेळी वायव्येकडे जवळजवळ साडेचार मीटरपर्यंत पोहोचते. यास्तव जिन्याची खोली, पाण्याची टाकी किंवा झाड यांपासून पॅनेल त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे. उत्तर भारतात हे अंतर अडीचपट धरावे. दक्षिणेकडील भूखंड मोकळा असल्यास तेथे पुढे इमारत उभी राहू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

टाकी आणि नळ

घरगुती सौर बंबात पाणी सहसा पंपाविना फिरते. तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते आणि थंड पाणी खाली पॅनेलमध्ये उतरते. सपाट पॅनेलच्या बंबात टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेहून थोडा उंच नसेल, तर रात्री हा प्रवाह उलटा फिरून पाणी निवू शकते. थंड पाण्याची टाकी गरम पाण्याच्या टाकीहूनही उंच हवी. तिची सावली पॅनेलवर पडू नये म्हणून ती पॅनेलच्या उत्तरेस असणे उत्तम. स्नानगृहापर्यंतचा नळ शक्य तितका आखूड व उष्णतारोधक आवरणाचा असावा. शंभर लिटर पाण्याचेच वजन १०० किलो भरते; त्यामुळे टाकीचा भार तुळई किंवा खांबावर येईल, असे पाहावे. पॅनेलवरील धूळ पुसण्यासाठी सभोवती वावरण्याइतकी जागा सोडावी.

कर्ज घेण्यापूर्वी

सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक असते. तेथे संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना छतावरील वीजनिर्मितीसाठी आहे. सौर बंबाचा खर्च तीत गृहीत धरू नये. दोन्ही संच बसवायचे असल्यास दक्षिणेकडील मोकळ्या जागेची वाटणी आधीच करावी. विक्रेत्याकडून दरपत्रकासोबत गच्चीचा साधा आराखडा मागवावा. त्यात दिशा, कल, अडथळ्यांची उंची व त्यांचे अंतर नमूद असावे. कर्जप्रस्तावाची छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यासही हा आराखडा उपयोगी पडेल. एकदा सांगाडा पक्का झाला व नळ जोडले गेले, की जागा बदलणे खर्चाचे होते. तत्पूर्वी केलेली तासाभराची पाहणी पुढील अनेक वर्षांची बचत सुरक्षित ठेवते.