पन्नाशीत नोकरी सोडायची असेल तर

चिखली,
३ ऑक्टोबर २०२५

चि. बापूस,


तुझं पत्र दसऱ्याच्या आधीच पोचलं. दोन-तीन दिवस हिशेब केला आणि आज लिहायला बसलो. दिवाळीच्या सुमारास तुला पन्नास पूर्ण होतील. ती झाली की खामगावच्या कंपनीत राजीनामा द्यायचा आणि गावी येऊन राहायचं, असं तू जवळजवळ ठरवलं आहेस. पंचवीस वर्षं पाळ्या केल्यास, रातपाळीनं झोप गेली, कंबर धरली आणि ताई, तुझी आई, गावात एकटी आहे. ही कारणं खरी आहेत. त्यांवर मी वाद घालणार नाही. तू एवढंच विचारलंस की परवडेल का, तर त्यावरच बोलू.

तुझा हिशेब असा. फंडात ११ लाख, बँकेत ३ लाखांची ठेव, ग्रॅच्युइटी सुमारे २ लाख ६० हजार. मिळून साडेसोळा लाखांच्या थोडं वर. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत आज ७.४ टक्के मिळतात, त्या दरानं महिन्याला दहा हजार. पेन्शन लगेच घेतली तर अडीच हजार. चार एकरांतून महिन्याला पाच हजार. बेरीज साडेसतरा हजार, आणि गावात घरखर्च पंधरा हजार. म्हणजे अडीच हजार शिल्लकच.

बेरीज बरोबर आहे. पण ती नोव्हेंबर २०२५ ची आहे, आणि तुला जगायचं आहे ते २०५५ पर्यंत. सूनबाई तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, म्हणजे हा पैसा तिला तुझ्याहूनही जास्त वर्षं पुरायला हवा. या साडेसतरा हजारांतले साडेबारा हजार कधीच वाढणारे नाहीत. महागाई वर्षाला सहा टक्के धर. पंधरा हजारांचा खर्च तिसऱ्या वर्षीच तुझ्या साडेसतरा हजारांना गाठतो, बारा वर्षांत दुप्पट होतो. तू बासष्टचा होशील तेव्हा त्याच डाळ-तांदळाला, त्याच औषधांना तीस हजार लागतील आणि व्याज तेच दहा हजार येईल. मग मुद्दलाला हात लागेल, आणि मुद्दल एकदा घटायला लागलं की व्याजही घटतं.

गुरुजींचं उदाहरण तू दिलंस. त्यांनी पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आज ते तुमच्या गावात सुखानं राहतात. पण गुरुजी जिल्हा परिषदेत लागले ते १ नोव्हेंबर २००५ च्या आधी, म्हणून त्यांना जुनी पेन्शन आहे. शेवटच्या पगाराच्या निम्मी, आणि तिच्यावर महागाई भत्ता. भाव वाढला की त्यांचा भत्ता वाढतो. तुझी पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची आहे. तिच्यात महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्याला जो आकडा येईल तोच पुढं वीस वर्षं येत राहील. गुरुजींचा निर्णय त्यांच्या पेन्शनीवर उभा आहे, तो तुला तसाच्या तसा लागू होत नाही.

तुझी पेन्शन कशी निघते तेही लिहितो, म्हणजे कुणी काही सांगितलं तर तुला पडताळता येईल. पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. हातात पगार किती पडतो याला अर्थ नाही. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या वर्षांना जास्तीत जास्त ६५०० रुपये धरतात, त्यापुढच्या वर्षांना १५ हजार. तुझी आधीची १४ वर्षं, म्हणजे १३०० रुपये. नंतरची ११ वर्षं, म्हणजे सुमारे २३५० रुपये. दोन्ही मिळून ३६५०. हे अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याआधी मागितली तर जितकी वर्षं आधी तितके चार-चार टक्के कापतात. पन्नाशीत घेतलीस तर सुमारे तीस टक्के जातात, आणि ती कपात जन्मभर राहते. तुझे अडीच हजार असे आले.

या पेन्शनीसाठी सगळ्यात मोठी लढाई आपल्याच जिल्ह्यातून उभी राहिली हे तुला ठाऊक आहे. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू झालं. किमान पेन्शन साडेसात हजार करा, वर महागाई भत्ता द्या, पेन्शनर आणि त्याच्या जोडीदाराला मोफत उपचार द्या, या मागण्या. त्या मंडपात मीही पाळीनं बसलो आहे. सूतगिरण्यांचे, कारखान्यांचे, एसटीचे, सहकारी संस्थांचे लोक तिथं भेटायचे. तीस-तीस वर्षं राबलेली माणसं, आणि हातात कुणाला दीड हजार, कुणाला दोन. १ सप्टेंबर २०१४ ला किमान पेन्शन १००० रुपये ठरली, ती आजही हजारच आहे. ही मागणी न्यायाची आहे आणि ती मान्य होईपर्यंत मी बोलत राहणार. पण बापू, तुझ्या वहीत तो साडेसात हजारांचा आकडा लिहू नकोस. मिळेल त्या दिवशी लिही.

आता शेती. महिन्याला पाच हजार म्हणजे वर्षाला साठ हजार, सगळा खर्च वजा जाऊन. यंदा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये आहे, बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकावं लागतं. एकरी सहा क्विंटल धर, चार हजारांचा भाव धर, चार एकरांचे ९६ हजार होतात. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी यांत एकरी अठरा-वीस हजार जातात, मग उरलं काय? ओलिताचा हरभरा साधला तर दोन पैसे सुटतील. पण पाऊस जास्त झाला की काय होतं ते यंदा डोळ्यांसमोर आहे. २००६ साली शेतीच्या संकटापायी पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलढाणा होता. शेती तुला धान्य देईल, डाळ देईल, ताईला सोबत देईल आणि चांगल्या साली पैसाही देईल. दर महिन्याला ठरलेली रक्कम ती देणार नाही. हिशेबात तिचे निम्मेच धर.

असं सगळं धरून पाहिलं तर तुझ्या बेतात पैसा पासष्टीच्या आसपास संपतो. शेतीनं हात दिलाच नाही आणि सगळा खर्च ठेवीवर पडला तर साठीतच. हात थकतात नेमक्या त्याच वयात. म्हणून माझं पहिलं उत्तर असं की, तू लिहिलं आहेस तसं परवडत नाही.

पण याच हिशेबातून दुसरी वाट निघते, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी लिहितो आहे. तू अठ्ठावन्नपर्यंत कंपनीतच राहिलास, पगारवाढ मुळीच धरली नाही आणि फंडाचा आजचा ८.२५ टक्के दर टिकला, तर सगळं मिळून सुमारे ३३ लाख होतील. आता समज, तू कंपनी सोडलीस, पण साडेसोळा लाखांना आठ वर्षं हातच लावला नाहीस. साडेसात टक्क्यांनी ते साडेएकोणतीस लाख होतात. फरक साडेतीन लाखांचा आणि पेन्शनीत महिन्याला दीड-दोन हजारांचा. म्हणजे या आठ वर्षांत खरी वाढ तुझ्या नव्या वर्गणीनं होत नाही, जुनी रक्कम न मोडल्यानं होते. पेरणीचं बी दळायला काढायचं नाही, एवढंच पथ्य.

तर बापू, तू नोकरी सोडू शकतोस, कमाई मात्र सोडू शकत नाहीस. अठ्ठावन्नपर्यंत घरखर्च चालेल एवढं तुला गावात मिळवता आलं पाहिजे. ते तुला जमण्यासारखं आहे. आयटीआय झालेला, पंचवीस वर्षं मशिनरीवर हात बसलेला माणूस आहेस तू. तुमचं गाव पेनटाकळी धरणाच्या पट्ट्यात आहे. रब्बीत पंपाच्या मोटारी जळतात आणि लोक त्या वाइंडिंगवाल्याकडे मेहकरला नेतात. रिवाइंडिंगचं दुकान, पंप दुरुस्ती, महिन्याला बारा हजार. यात रातपाळी नाही, ताई जवळ आहे, आणि आठ वर्षं ठेव शाबूत राहते. अठ्ठावन्ननंतरही दुकान अर्धं चालू ठेवलंस तर ती रक्कम तुम्हा दोघांना पंचाहत्तरी-ऐंशीपर्यंत नेईल.

पेन्शनीबद्दल लोक तुला सांगतील की लवकर घेऊ नको, कापली जाते. मी आकडे मांडून पाहिले. आठ वर्षं महिन्याला अडीच हजार म्हणजे दोन लाख चाळीस हजार. अठ्ठावन्ननंतर तू महिन्याला सुमारे अकराशे रुपयांना मुकतोस. हा तोटा मिळालेल्या पैशांना गाठायला पंचाहत्तरी ओलांडावी लागते. त्यामुळे घेणं चूक नाही, पण घेऊन खाणं चूक. घेतलीस तर त्याच दिवशी पोस्टात आरडी लाव. आठ वर्षांनी त्या रकमेचं व्याज तुझी कपात भरून काढेल आणि वर उरेल. हे शिस्तीनं जमणार नसेल तर फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घे आणि अठ्ठावन्नपर्यंत शांत राहा. एक लक्षात ठेव, पुन्हा फंड कापणाऱ्या नोकरीत लागलास तर ही लवकरची पेन्शन मिळत नाही.

पैसा कुठं ठेवायचा? आपल्या भागात पतसंस्था भरपूर, दीड-दोन टक्के जास्त देतात, आणि ओळखीचा माणूस घरी येऊन पावती करून देतो. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. जळगाव आणि बीडकडच्या मल्टीस्टेट संस्थांत निवृत्तीचा पैसा अडकलेली माणसं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवताना सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. तुझा मुख्य पैसा पोस्टात आणि राष्ट्रीयीकृत बँकेत राहू दे. किसान विकास पत्रात आज साडेसात टक्क्यांनी ११५ महिन्यांत दुप्पट होतात, ते तुझ्या मुदतीला बरं जुळतं. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहेच.

आजारपणाला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी. रोजच्या बीपी-साखरेच्या गोळ्या, अकोल्याला किंवा संभाजीनगरला जाण्या-येण्याचा खर्च तुझाच. एक लाख रुपये त्यासाठी वेगळे ठेव. आणि पोरीच्या लग्नाचा खर्च या साडेसोळा लाखांतून करायचा नाही. जमीनही विकायची नाही.

म्हणून सांगतो, या दिवाळीत राजीनामा देऊ नकोस. वर्षभर थांब. या महिन्यापासून हातात येणाऱ्या पंचवीस हजारांतले पंधरा हजारच घरात खर्चायला दे, उरलेले लग्नाच्या खात्यात टाक. आहेर, घरपट्टी, गाडीची दुरुस्ती, दवाखाना, पाहुणा-रावळा, सगळं सूनबाईला वहीत लिहू दे. पंधरात भागतं की अठरा लागतात ते वर्षात कळेल. सुट्टीच्या दिवशी गावात येऊन मोटारी बांध, गिऱ्हाईक किती येतं आणि उधारी किती राहते ते बघ. हा निर्णय सूनबाईबरोबर बसून घे. तिची चाळीस वर्षं यात आहेत.

पुढच्या दिवाळीला तीन गोष्टी पाहा. खर्च वहीत बसला का, दुकानातून महिन्याला बारा हजार येतील अशी खात्री झाली का, लग्नाचा पैसा वेगळा झाला का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर कुणालाही न विचारता राजीनामा दे आणि ताईजवळ येऊन राहा. एकाचंही नाही असेल तर आणखी एक वर्ष काढ. त्या एका वर्षानं तुझं काही बिघडणार नाही, घाईनं मात्र म्हातारपण बिघडेल.

ताईला साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा