गावाची वेबसाइट

वेबसाइट म्हणजे फोनवर वाचायची माहितीची पाने. ती कशी मांडावी, ते पाहू या.

1970 नंतर सिडकोच्या नव्या शहरासाठी करावे गावच्या जमिनी गेल्या. म्हणून जमिनीचा कागद आपल्याला मोलाचा. सरकारच्या ‘महाभूलेख’ वेबसाइटवर सातबारा मराठीत पाहता येतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडायचे. शेवटी सर्व्हे नंबर. नंबर ठाऊक नसला तर नावाने शोधावे. आपण पत्ता सांगतो, तशीच ही वाट आहे.

गावाची वेबसाइट करायची, तर आधी लोकांना विचारू : काय हवे? पुष्कळांना हवे ते वर लिहू. शब्द रोजचे, वाक्ये लहान, अक्षर मोठे ठेवू. मग नुकतेच वाचायला शिकलेल्या मावशींना पान दाखवू. त्या जिथे अडतील, तिथे पान बदलू. म्हणजे कागदासाठी कुणाचे पाय धरायला नकोत.