संगणक सुरू झाला की सूचीच दिसावी

वाचनालय, दवाखाना, पतसंस्था, कार्यालयाचा स्वागतकक्ष अशा ठिकाणी संगणक सुरू होताच ठरलेला प्रोग्रॅम आपोआप आणि स्क्रीनभर उघडावा, अशी गरज हल्ली सगळीकडे पडते. काम दिसायला किरकोळ आहे. पण सकाळी कुलूप काढून बटण दाबणाऱ्या माणसाला काही न करता ती स्क्रीन मिळाली, आणि रात्री वीज जाऊन आली तरीही मिळाली, तरच ते काम झालं असं मी आता म्हणते. असं का, ते आमच्या वाचनालयातल्या अनुभवावरून सांगते.

आमच्या पुस्तकांची सूची ‘कोहा’ या प्रणालीत आहे. २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेत सुरू झालेली ही मुक्त प्रणाली आज आपल्याकडेही अनेक ग्रंथालयं वापरतात. तिचं शोधपान ब्राउझरमध्ये उघडतं. वाचकांना स्वतः पुस्तक शोधता यावं म्हणून वाचनकक्षात एक संगणक ठेवला आणि तेवढं पान आपोआप उघडण्याची व्यवस्था एका तंत्रज्ञाकडून करून घेतली. त्यांनी संगणक रीस्टार्ट करून दाखवला, पान छान स्क्रीनभर उघडलं, काम संपलं.

मग वळवाच्या पावसात रात्री वीज गेली. सकाळी पान आलं, पण लहानशा खिडकीत, आणि कोपऱ्यात आधीची पानं पुन्हा उघडायची का असं विचारणारी चौकट. एक निवृत्त गुरुजी नेहमीप्रमाणे पुस्तक शोधायला बसले. ती चौकट घालवायला त्यांनी फुली दाबली, ती नेमकी खिडकीची होती. समोर नुसता डेस्कटॉप उरला. पुस्तक नसावं असं समजून ते उठून गेले. ते पुस्तक कपाटात होतं. वाचक असा परत जावा याचं मला फार वाईट वाटलं.

तंत्रज्ञांनी दुसरा उपाय केला, तर स्क्रीनवर काहीच येईना. चालू कामांच्या यादीत मात्र ब्राउझर सुरू असल्याचं दिसे. तेव्हा हे सगळं मुळापासून शिकून घेतलं. त्यातलं उपयोगाचं इथे देते; हे विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी नक्की काय हवं ते ठरवा. मॅक्सिमाइज केलेली खिडकी स्क्रीन व्यापते, पण खालचा टास्कबार आणि वरची फुली तशीच राहते. रोज त्याच टेबलावर बसणाऱ्या लेखनिकाला तेवढं पुरतं. एफ ११ दाबल्यावर ब्राउझर पूर्ण स्क्रीन घेतो, पण तेच बटण पुन्हा दाबलं की बाहेर येतो. तिसरी पद्धत किऑस्कची: ना फुली, ना पत्त्याची पट्टी. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी ठेवलेल्या संगणकाला हीच हवी.

साध्या प्रोग्रॅमसाठी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत इंग्रजीत ‘शेल’, कोलन आणि ‘स्टार्टअप’ असं जोडून लिहा आणि एंटर करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमचा शॉर्टकट ठेवा. त्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे ‘रन’ या ओळीत ‘नॉर्मल विंडो’ असतं, ते बदलून ‘मॅक्सिमाइज्ड’ करा. हा फोल्डर त्या एका वापरकर्त्यापुरता असतो, म्हणून ज्या खात्यावर संगणक चालणार त्याच खात्यात लॉगिन करून हे करा.

एवढं करूनही काही प्रोग्रॅम लहानच उघडतात. कारण विंडोज फक्त सांगते, ऐकायचं की नाही ते प्रोग्रॅम ठरवतो. बरेच प्रोग्रॅम आपला शेवटचा आकार लक्षात ठेवून तोच वापरतात. अशा वेळी खिडकी एकदा मोठी करून, त्याच अवस्थेत नीट बंद करा. पुढच्या वेळी ती बहुधा मोठीच उघडते.

क्रोमसाठी शॉर्टकटच्या ‘टार्गेट’ ओळीत शेवटी एक जागा सोडून दोन छोट्या आडव्या रेघा, त्यांना जोडून इंग्रजीत ‘किऑस्क’, पुन्हा जागा सोडून पानाचा पत्ता लिहा. बाहेर पडायला ऑल्ट आणि एफ ४. हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. इथे खरी मेख अशी, की त्याच प्रोफाइलचा क्रोम आधीपासून पाठीमागे चालू असेल तर ही सूचना लागू होत नाही आणि साधीच खिडकी उघडते. म्हणून क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टिम विभागात, बंद केल्यावरही पाठीमागे चालू राहण्याचा पर्याय काढून टाका. विंडोजच्या साइन-इन पर्यायांमध्ये आधीचे प्रोग्रॅम आपोआप पुन्हा उघडण्याची सोय असते, तीही बंद करा.

सर्व्हर दुसऱ्या खोलीत असेल आणि तो उशिरा सुरू होत असेल, तर पानाऐवजी त्रुटीचा संदेश येतो. त्यावर टास्क शेड्युलर उपयोगी पडतो: लॉगिन झाल्यावर एक मिनिट थांबून प्रोग्रॅम उघडा, असं त्यात ठरवता येतं. पण तिथे ‘वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, चालवा’ हा पर्याय चुकूनही निवडू नका. व्हिस्टापासून विंडोज अशी कामं स्क्रीनपासून तोडलेल्या वेगळ्या सत्रात चालवते. प्रोग्रॅम चालतो, दिसत मात्र नाही. आमच्याकडे झालं ते हेच. ‘वापरकर्ता लॉगिन असतानाच’ हा पर्याय घ्या. टास्क शेड्युलर वापरलात तर स्टार्टअप फोल्डरमधला शॉर्टकट काढून टाका, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या आड येतात.

पासवर्ड न विचारता लॉगिन होण्याची सोय ठेवायची असेल, तर त्यासाठी मर्यादित अधिकारांचं वेगळं खातं करा. सभासदांची नावं, फोन क्रमांक, देवघेवीच्या नोंदी असलेला संगणक असा उघडा ठेवणं म्हणजे लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती वाऱ्यावर सोडणं. वीज परत आल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावं असं वाटत असेल, तर तो पर्याय बायोसमध्ये असतो.

शेवटी परीक्षा. नुसत्या रीस्टार्टवर काम मान्य करू नका. संगणक रीतसर बंद करून सुरू करा. ब्राउझर जबरदस्तीने बंद पाडून पुन्हा लॉगिन करा. सर्व्हर बंद असताना काय दिसतं तेही पाहा. मग ज्या मावशी किंवा काका रोज दार उघडतात त्यांच्या हातून, आपण शेजारी न उभं राहता, एकदा सुरू करून घ्या. या सगळ्यांतून पार पडलं की काय कुठे बदललं, पान बंद कसं करायचं, हे मराठीत एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद हाती आल्यावरच बिल चुकतं करा.