दोन लिटर पेट्रोल आणि एक टिंब

पहिल्यांदा एक सांगून टाकते: त्या दिवशी घाई मला नव्हती. ज्यांना होती ते गृहस्थ आता सगळीकडे उलटं सांगत फिरतात, म्हणून हे लिहायला बसले.

मंगळवार, २ जानेवारी २०२४. ट्रकवाल्यांचा संप चालू होता. जीवघेणा अपघात करून पोलिसांना न कळवता पळालं तर दहा वर्षांपर्यंत कैद, हे नव्या न्याय संहितेतलं कलम १०६(२) त्यांना मान्य नव्हतं. टँकर थांबले आणि लोक पंपांकडे धावले. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आमच्या उशाशी धूर सोडतेय, आणि आम्ही बडोदेकर बाटलीभर पेट्रोलसाठी रांगेत! पण रिफायनरीतून पंपापर्यंतचा शेवटचा टप्पा टँकरचाच असतो, हे रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सोमवारी संध्याकाळी दोन तास उभी राहिले. दुचाकीला दोनशे रुपयांचंच, म्हणाला पंपवाला. म्हणजे दोन लिटर आणि वर थोडंसं. टाकीत आधीचं पाऊण लिटर असेल.

आम्ही दोघं जिओकॅशिंग खेळतो: कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा आणि त्यातल्या वहीत नाव लिहायचं. रात्री गृहस्थांचा फोन. चांपानेरला नवा डबा पडलाय, अजून कुणाला सापडलेला नाही. वहीत पहिलं नाव आपलं लागलं पाहिजे. मी म्हटलं, संप मिटू दे. "त्यात काय! तुमच्याकडे आहे ना पेट्रोल? रस्ता माझ्यावर सोडा. चिंता ना करो, हुं छुं ने!"

हिशेब मी केला होता. दांडिया बाजारातून चांपानेर साधारण अठ्ठेचाळीस किलोमीटर. जाऊन येऊन शंभराच्या आत, आणि डबलसीट चाळीसचं अॅव्हरेज धरलं तर एकशे दहापर्यंत मजल. वाकडी वाट करायची नाही, एवढंच पथ्य.

स्कूटर मी चालवत होते, मागे ते फोन घेऊन. वाघोडिया चोकडी आली तेव्हाच मनात पाल चुकचुकली. चांपानेरला हालोलवरून जायचं, आणि हालोलला जायचं तर गोल्डन चोकडीवरून. विचारलं. "शॉर्टकट आहे." पुढे डावी-उजवी करत एका एरंडाच्या शेताच्या बांधावर येऊन थांबलो. बाण म्हणत होता, पोचलात. चांपानेर ज्याच्या पायथ्याशी, तो पावागडचा डोंगर कुठे? त्या डोंगराएवढी मोठी खूण या मुलखात दुसरी नाही, आणि हे बांधावरचे दगड उलटे करून डबा शोधत होते. एक शेतकरी आमच्याकडे बघत विडी ओढत उभा.

मी फोन हातातून काढून घेतला. (डब्याचे खरे आकडे छापायचे नसतात, म्हणून शेवटचे अंक बदलून सांगते.) डब्याच्या पानावर होतं, उत्तर २२ अंश, २९.१६० मिनिटं. यांनी नकाशात टाकलं होतं २२.२९१६०. मिनिटं गिळून टाकली आणि टिंब दोन घरं डावीकडे नेलं. रेखांशाचंही तसंच. २९.१६ मिनिटांचे अंश करायला साठाने भागावं लागतं, येतं २२.४८६. उत्तरेला एकवीस-बावीस किलोमीटर चुकलो, पूर्वेला तेवढेच. सरळ रेषेत मोजलं तर तीस-एकतीस.

अमेरिकेने मे २००० मध्ये जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली, तेव्हा शंभरेक मीटरचा घोळ संपला आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये कुणीतरी पहिला डबा लपवला. आमच्या गृहस्थांनी त्यात स्वतःची तीस किलोमीटरची भर घातली. आणि चूक दाखवल्यावर बोलणं काय? "अॅपमध्ये गडबड असेल."

मी परत जायचं म्हणत होते. पण त्यांनी असं तोंड केलं, की गेलो. चोकडीपर्यंत उलट, मग हालोल. बत्तीस किलोमीटर वाया. डबा सापडला, संरक्षित वास्तूंपासून दूर, एका जुन्या झाडाच्या मुळात, वर दोन दगड. पेन त्यांचं, म्हणून नावही आधी त्यांचं. हालोलच्या पंपावर पाटी: पेट्रोल नथी.

जरोद ओलांडलं आणि स्कूटरने आचका दिला. यांनी रस्त्याकडेला उभं राहून कुणाला फोन लावला, वीस मिनिटांत सीएनजीवरची गाडी आली. "एकच जागा आहे. आणि तुम्ही तुमची गाडी सोडून कशा येणार?" काच वर झाली. एवढंच. मी स्कूटर ढकलत चहाच्या टपरीपर्यंत गेले. तिथल्या पोराने आपल्या बाइकची नळी सोडून जुन्या ऑइलच्या डब्यात अर्धा लिटर काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्याच रात्री दिल्लीत गृहसचिवांनी वाहतूकदारांना आश्वासन दिलं आणि संप मागे घेतला गेला. एक दिवस थांबलो असतो तर!

तर मंडळी, नव्यांसाठी. आकडे टाकताना अंश, मिनिटं आणि टिंब कुठे आहे ते मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्याने टाकले असतील तर स्वतः पुन्हा टाका. २९.१६ ला २९ मिनिटं १६ सेकंद समजलात तरी दोनशे मीटर चुकाल. तेवढं शोधून निभावतं, साठाचा भागाकार विसरलात तर नाही. मग नकाशा लहान करून बघा: खूण ओळखीच्या डोंगराजवळ, तळ्याजवळ पडते का? निघण्याआधी हे घरी, वायफायवर. बाण सरळ रेषा दाखवतो, रस्ता नव्हे. किलोमीटर दीडपट धरा. टंचाईत गावातलेच डबे करा, पायी किंवा सायकलवर. प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागू नका, देत नाहीत आणि देऊही नये. पाणी जवळ ठेवा. पेन स्वतःचं न्या. जोडीदार बघून निवडा.

दुसऱ्या दिवशी त्यांची नोंद वाचली: "खडतर प्रवास, पण पहिला मान मिळवला." माझा, स्कूटरचा, दोन तासांच्या रांगेचा उल्लेख नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. डभोईला, हिरा भागोळीच्या बाजूला नवा डबा पडलाय. रविवारी जाऊ या? पेट्रोल अर्धं अर्धं. वाचला. निळ्या खुणा त्यांनाही दिसल्या असतील.