क्लाउड सर्व्हरला जादा डिस्क: खर्च किती, धोका कुठे

सर्व्हरची जागा भरत आली की जादा डिस्क जोडणं हे पंधरा मिनिटांचं काम. चटका बसतो तो महिनाअखेरीला, बिल आल्यावर. उदाहरण ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या मुंबई रीजनचं घेऊ. धंद्यासाठी खातं असेल तर जीएसटी नंबर टॅक्स सेटिंगमध्ये आधी भरा, नाहीतर 18 टक्के कराचं इनपुट क्रेडिट हातचं जाईल.

साधी एसएसडी डिस्क म्हणजे जीपी3. तिचा दर जीबीमागे महिन्याला सुमारे 9 सेंट. 100 जीबी घेतलीत तर नऊ डॉलरच्या आसपास, कर धरून पावणेअकरा. पैसे मागितलेल्या जागेचे लागतात, भरलेल्या नव्हे. गाळा रिकामा ठेवला म्हणून भाडं कोण सोडतं? सर्व्हर 'स्टॉप' केला तरी डिस्कचं मीटर चालूच राहतं. 3000 आयओपीएस आणि सेकंदाला 125 एमबी वेग याच दरात मिळतो. छोट्या वेबसाइटला तेवढा पुष्कळ, वरचा वेग विकत घेऊ नका. जुनी जीपी2 डिस्क असेल तर सर्व्हर बंद न करता जीपी3 करून घ्या, जीबीमागचा दर 20 टक्के उतरतो. आणि जागा बेतानं मागा. डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही.

डिस्क बनवताना झोन बघा. सर्व्हर 1ए मध्ये आणि डिस्क 1बी मध्ये असेल तर ती जोडलीच जाणार नाही; मग स्नॅपशॉट काढून योग्य झोनमध्ये नवी डिस्क करत बसावं लागतं.

जोडताना तुम्ही नाव 'एसडीएफ' देता, पण नव्या पिढीच्या सर्व्हरवर ती 'एनव्हीएमई1एन1' अशी काहीतरी दिसते. म्हणून 'एलएसबीएलके' कमांड चालवून आकारावरून ओळख पटवा. मग 'फाइल' कमांडला 'एस' पर्याय देऊन त्या डिस्कवर चालवा. उत्तर नुसतं 'डेटा' आलं तर सहसा डिस्क कोरी. 'एक्सएफएस' किंवा 'एक्स्ट4' दिसलं तर तिथेच थांबा: आत आधीची फाइल सिस्टीम आहे, ती थेट माउंट करायची. इथे सवयीनं 'एमकेएफएस' मारलंत तर जुना डेटा गेला म्हणून समजा. इंटरनेटवरची कमांडची यादी जशीच्या तशी चिकटवणारे इथेच फसतात.

माउंट झालं म्हणजे संपलं नाही. 'एफस्टॅब' फाइलमध्ये ओळ घातली नाही तर रीबूटनंतर डिस्क गायब दिसेल. ओळीत नावाऐवजी यूयूआयडी लिहा, सोबत 'नोफेल' हवाच. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सर्व्हर अर्ध्यात अडकतो आणि तुम्हाला आत शिरताही येत नाही. रीबूटआधी 'माउंट', पुढे 'ए' पर्याय, एवढं चालवून चूक नाही ना ते पाहा.

पुढे जागा वाढवाल तेव्हा आधी स्नॅपशॉट. कन्सोलवर आकडा वाढवला तरी आतली फाइल सिस्टीम आपोआप वाढत नाही. पार्टिशन असल्यास 'ग्रोपार्ट', मग एक्सएफएसला 'एक्सएफएस ग्रोएफएस', एक्स्ट4ला 'रीसाइझ2एफएस'.

सर्व्हर कायमचा काढून टाकलात की मूळ डिस्क सहसा त्याच्याबरोबर जाते. नंतर जोडलेली मागे राहते आणि बिल वाढवत राहते. व्हॉल्यूमच्या यादीत 'अव्हेलेबल' लिहिलेल्या डिस्क म्हणजे याच बेवारस. डिस्क काढली तरी तिचे स्नॅपशॉट उरतात, त्यांचे पैसे वेगळे. यादी एका वेळी एकाच रीजनची दिसते, म्हणून कधीकाळी सिंगापूरला काही करून पाहिलं असेल तर तिथेही डोकावून या.